‘माग’ : एका शब्दाचा अर्थ, उगम आणि अर्थविस्तार

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपल्याला –
• ‘माग’ या शब्दाचे आजच्या मराठीतील अर्थ आणि वाक्प्रचार सांगता येतील.
• माग, पाठलाग, पाळत, दबा आणि पिच्छा या जवळच्या शब्दांतील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• ‘मृग – मार्ग – मग्ग – माग’ ही व्युत्पत्ती ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांसह मांडता येईल.
• तत्सम आणि तद्भव रूपांत अर्थाची वाटणी कशी होते, हे उदाहरणाने दाखवता येईल.
• शब्दाचा अर्थ समाजव्यवहाराशी कसा बांधलेला असतो, याचे विवेचन करता येईल.

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अर्थपरिवर्तनाचे प्रकार आणि त्यांची कारणे पाहिली. या वाक्यातील ‘मागील’ हा शब्द आपण सहज वाचून पुढे गेलो. परंतु प्रस्तुत घटकाचा विषय त्या शब्दातच दडलेला आहे. ‘मागील’मधला ‘माग’ म्हणजे मुळात जनावराच्या पावलांची खूण. ‘माग काढणे’ म्हणजे ती खूण धरून, सावजाला चाहूल लागू न देता, त्याच्यापर्यंत जाऊन पोहोचणे. रानातला हा शब्द आपल्या भाषेत स्थल आणि काल दाखवण्यासाठी, याचना व्यक्त करण्यासाठी आणि विद्वानांच्या संशोधनासाठीही वापरला जातो. हे कसे घडले, याचा शोध या घटकात घ्यायचा आहे.

अर्थपरिवर्तनाचे प्रकार सुट्या सुट्या उदाहरणांतून शिकता येतात. तथापि, एकाच शब्दाच्या कुळाचा सलग अभ्यास केला, तर अर्थविस्तार, अर्थसंकोच आणि लक्षणा या प्रक्रिया एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात, हे अधिक स्पष्ट होते. त्या दृष्टीने ‘माग’ हा शब्द विशेष उपयुक्त आहे.

४.२ विषयविवेचन

४.२.१ ‘माग’ या शब्दाचा आजचा वापर

आजच्या मराठीत ‘माग’ हे पुल्लिंगी नाम ‘गेलेल्या प्राण्याची, माणसाची वा वस्तूची उरलेली खूण’ या अर्थाने वापरले जाते. ते एकटे क्वचितच येते. बहुधा क्रियापदाच्या सोबतीने येते. ‘माग काढणे’ व ‘माग घेणे’ म्हणजे खुणांवरून शोध करणे. ‘माग लागणे’ म्हणजे असा शोध करताना सुगावा मिळणे. आणि ‘मागावर असणे’ म्हणजे शोध सुरू ठेवून हळूहळू जवळ जाणे. ‘त्याचा मागमूसही उरला नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा शोधाला आधार देणारी एकही खूण शिल्लक नाही, असे सुचवतो. ‘मागोवा’ हा शब्द आज प्रामुख्याने वैचारिक लेखनात येतो. एखाद्या वाङ्मयप्रवाहाचा किंवा चळवळीचा मागोवा घेणे, म्हणजे तिच्या वाटचालीच्या खुणा तपासत जाणे होय. नरहर कुरुंदकरांच्या एका ग्रंथाचे नावच ‘मागोवा’ असे आहे.

या सर्व प्रयोगांत तीन गोष्टी समान आहेत. पहिली, ज्याचा शोध घ्यायचा ते समोर नाही. दुसरी, त्याने नकळत काही खूण मागे ठेवली आहे. तिसरी, शोधणारा ती खूण वाचू शकतो. यांपैकी एक जरी गोष्ट नसली, तरी ‘माग’ हा शब्द वाक्यात नीट बसत नाही. समोर धावणाऱ्या बसच्या मागे आपण पळतो, तेव्हा बसचा ‘माग काढला’ असे कोणी म्हणत नाही.

येथे एका समरूप शब्दाविषयी सावध राहणे आवश्यक आहे. विणकराचा ‘माग’, म्हणजे हातमाग किंवा यंत्रमाग, हा वेगळा शब्द आहे. कन्नडमध्ये मागाला ‘मग्ग’ आणि तेलुगूमध्ये ‘मग्गमु’ म्हणतात; त्यामुळे विणकरी अर्थाच्या ‘माग’ शब्दाचे नाते द्राविडी भाषांशी जोडले जाते. दोन भिन्न मुळांचे शब्द मराठीत येऊन एकाच रूपात स्थिरावले आहेत. सोलापूरचा किंवा इचलकरंजीचा विणकर ‘मागावर बसतो’ आणि पोलीस ‘मागावर असतो’. येथे नाम आणि विभक्ती सारखी दिसली, तरी शब्द दोन आहेत. एका शब्दाला अनेक अर्थ असणे आणि अनेक शब्दांचे रूप एकच असणे, यांतील फरक या उदाहरणावरून लक्षात ठेवावा.

४.२.२ जवळचे शब्द : पाठलाग, पाळत, दबा, पिच्छा

अर्थ नेमका कळायचा असेल, तर शब्दाला त्याच्या शेजाऱ्यांसोबत उभे करून पाहावे लागते. गुपचूप मागे जाण्याशी किंवा लक्ष ठेवण्याशी संबंधित असे आणखी चार शब्द मराठीत रूढ आहेत.

‘पाठलाग’ हा ‘पाठ’ आणि ‘लाग’ यांचा समास आहे. संस्कृत ‘पृष्ठ’ या शब्दाचे प्राकृतात ‘पट्ठ’ आणि मराठीत ‘पाठ’ झाले; ‘लाग’ हे ‘लागणे’ या क्रियापदाच्या कुळातले आहे. पाठीला लागणे, हा या समासाचा शब्दशः अर्थ. पाठ दिसते, म्हणजे सावज दृष्टीच्या टप्प्यात आहे. आणि ते बहुधा जीव घेऊन पळत आहे, म्हणजे त्यालाही धोक्याची जाणीव आहे.

‘पाळत’ हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदापासून झाला आहे. ‘पाळणे’ म्हणजे सांभाळणे, राखणे, जोपासणे. पाळीव जनावर आणि पाळणा हे शब्दही त्याच घरातले. राखणदार आपल्या वस्तूवर सतत नजर ठेवतो. त्या नजरेतून मायेचा अंश वजा झाला आणि केवळ सतत पाहणे उरले, की ती ‘पाळत’ होते. मूळ अर्थाला प्रतिकूल छटा चिकटून त्याची अवनती झाल्याचे हे बोलके उदाहरण आहे. पाळतीत सावज दिसत असते, मात्र आपल्याकडे कोणी पाहत आहे, हे त्याला माहीत नसते. पाळत ठेवणारा एका जागी बसूनही आपले काम करू शकतो.

‘दबा’ हा ‘दबणे’ या क्रियापदाशी संबंधित शब्द. दबा धरणारा अंग चोरून थांबलेला असतो आणि सावज अजून यायचे असते. ‘पिच्छा पुरवणे’ यात गुप्तता मुळीच नाही. ज्याचा पिच्छा पुरवला जातो त्याला त्याचा त्रास पदोपदी जाणवतो. किंबहुना त्याला जाणवावा, हाच हेतू असतो.

यावरून अर्थभेदाच्या दोन कसोट्या हाती लागतात : सावज दिसते का? आणि सावजाला जाणीव आहे का? पाठलागात सावज दिसते आणि त्याला सहसा जाणीव असते. पाळतीत ते दिसते, पण त्याला जाणीव नसते. दब्यात ते अद्याप आलेले नसते आणि त्याला जाणीवही नसते. पिच्छ्यात जाणीव हेच मुख्य लक्षण असते. मागात सावज दिसत नाही, त्याला जाणीव नसते, आणि तरीही शोधणारा त्याच्या दिशेने चालत असतो. अदृश्य सावजाकडे नेणारी गुप्त वाटचाल, हे ‘माग’ या शब्दाचे वेगळेपण आहे.

हे भेद केवळ कोशापुरते नाहीत. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड समाविष्ट करण्यात आले; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ ने घेतली आहे. स्त्रीने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही पुरुषाने वारंवार तिच्या मागे जाऊन तिच्याशी संपर्क साधणे किंवा तसा प्रयत्न करणे, हा या कलमान्वये गुन्हा आहे. तसेच ती इंटरनेट, ई-मेल वा अन्य इलेक्ट्रॉनिक साधने कशी वापरते यावर लक्ष ठेवणे, हाही गुन्हा आहे. या दोन कृत्यांसाठी इंग्रजी कायद्यात एक शब्द आहे. मराठी वृत्तपत्रे बहुधा ‘पाठलाग’ हा शब्द वापरतात. परंतु आपण पाहिल्याप्रमाणे पाठलागात धावणे आहे, पाठ दिसणे आहे. घरात बसून कोणाचे संदेश चोरून वाचणारा माणूस या शब्दाच्या कक्षेत येत नाही. तो ‘पाळती’च्या कक्षेत येतो. आपल्यावर काय गुदरत आहे हे सांगू पाहणाऱ्या तरुणीला ‘तो माझा पाठलाग करतो’ एवढेच वाक्य हाताशी असेल, तर ‘तो तर तुझ्या मागे आलाच नाही’ असे उत्तर तिला ऐकावे लागू शकते. ‘तो माझ्यावर पाळत ठेवतो’ हे दुसरे वाक्य तिला सुचले, तर तक्रारीचे स्वरूपच बदलते. शब्दांतील सूक्ष्म भेद जपणे, हे भाषेच्या अभ्यासकाचे काम का आहे, हे यावरून ध्यानात यावे.

४.२.३ व्युत्पत्ती : मृगापासून मार्गापर्यंत

आता ‘माग’ शब्दाच्या उगमाकडे वळू. या शब्दाचे संस्कृत मूळ ‘मार्ग’ हे आहे, याबद्दल दुमत नाही. प्रश्न आहे तो ‘मार्ग’ कोठून आला, हा.

पहिले मत असे, की ‘मार्ग’ हा शब्द ‘मृज्’ म्हणजे पुसणे, स्वच्छ करणे या धातूपासून झाला. पायांनी घासून स्वच्छ झालेली जागा म्हणजे मार्ग. परंपरेतील काही टीकाकारांनी ही व्युत्पत्ती दिली आहे. ध्वनीच्या दृष्टीने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. ‘त्यज्’पासून ‘त्याग’ आणि ‘युज्’पासून ‘योग’ होतो, तसाच ‘मृज्’पासून ‘मार्ग’ होऊ शकतो.

दुसरे मत असे, की ‘मार्ग’ हा शब्द ‘मृग’पासून झाला. मृगाचा तो मार्ग. म्हणजे वन्य पशू ज्या वाटेने गेला, ती खुणांची रेघ. येथेही ध्वनिनियम अनुकूल आहे. ‘ऋ’ची वृद्धी होऊन ‘आर्’ होतो : ‘ऋषी’पासून ‘आर्ष’, ‘पृथा’पासून ‘पार्थ’, त्याचप्रमाणे ‘मृग’पासून ‘मार्ग’.

दोन्ही व्युत्पत्ती ध्वनिनियमांत बसत असतील, तर निवड कशी करायची? अशा वेळी अर्थाचा पुरावा पाहावा लागतो. संस्कृतमध्ये ‘मार्ग’ शब्दाला ‘वाट’ या अर्थाबरोबरच ‘शोध’ हाही अर्थ आहे. धातुपाठात ‘मृग’ आणि ‘मार्ग’ हे दोन्ही धातू ‘अन्वेषण’ याच अर्थाने नोंदले आहेत. ‘मृगयते’ म्हणजे शोधतो, शिकार करतो. ‘मृगया’ म्हणजे शिकार. स्वच्छ करण्याच्या कल्पनेतून ‘वाट’ हा अर्थ निघू शकेल, पण ‘शोध’ हा अर्थ सहज निघत नाही. शिकारीच्या कल्पनेतून मात्र दोन्ही अर्थ एकाच वेळी उलगडतात : शिकारी पशूला शोधतो, तो त्याच्या वाटेवरूनच. म्हणून आधुनिक कोशकारांचा कल ‘मृग’ या मुळाकडे आहे.

या ठिकाणी ‘मृग’ शब्दाचा जुना अर्थ लक्षात घेतला पाहिजे. आज ‘मृग’ म्हणजे हरीण. परंतु वैदिक भाषेत तो कोणताही वन्य पशू होता. ऋग्वेदात हत्तीचा उल्लेख हात असलेला मृग, अशा शब्दांत येतो. सिंहाला ‘मृगेंद्र’ आणि वानराला ‘शाखामृग’ म्हणतात, ते याच व्यापक अर्थाने. पुढे शिकारीत सर्वाधिक हाती लागणाऱ्या हरणापुरता हा शब्द मर्यादित झाला. हा अर्थसंकोच होय. एकीकडे ‘मृग’चा अर्थ आक्रसत होता आणि दुसरीकडे त्याच्यापासून झालेल्या ‘मार्ग’चा अर्थ पसरत होता : पशूच्या खुणांपासून पायवाट, पायवाटेपासून रस्ता, रस्त्यापासून जीवनाचा वा मुक्तीचा पंथ. बौद्धांचा अष्टांगिक मार्ग आणि आपल्या संतांचा भक्तिमार्ग हे या विस्ताराचे अखेरचे टोक म्हणता येईल.

मृग आणि त्याच्या मागावरील शिकारी यांना आपल्या पूर्वजांनी आकाशातही पाहिले. ऐतरेय ब्राह्मणातील कथेत प्रजापती मृगरूप घेतो, त्याला बाणाने विद्ध केले जाते आणि तो आकाशात जातो. त्याला मृग म्हणतात, वेध करणाऱ्याला मृगव्याध म्हणतात आणि तीन कांडांचा बाणही तेथेच दिसतो. मृग नक्षत्रातील सरळ रेषेतल्या तीन ताऱ्यांकडे पाहून आजही खेड्यातील आजी नातवंडांना हरणाच्या पोटात रुतलेला बाण दाखवते. या नक्षत्राच्या शीर्षावरून ज्या महिन्याला नाव मिळाले, तो ‘मार्गशीर्ष’. ‘मृग’चे ‘मार्ग’ झाल्याचे उदाहरण अशा रीतीने आपल्या दिनदर्शिकेतच उपलब्ध आहे. सूर्य या नक्षत्रात येतो, तेव्हा जूनच्या पहिल्या पंधरवड्यात ‘मृगाचा पाऊस’ अपेक्षिला जातो. ग्रामीण बोलीत त्याला ‘मिरग’ म्हणतात. ते ‘मृग’चे अर्धतत्सम रूप आहे.

४.२.४ ध्वनिपरिवर्तन आणि अर्थाची वाटणी

संस्कृत ‘मार्ग’चा मराठी ‘माग’ दोन पायऱ्यांनी झाला. प्राकृतात ‘र्ग’ या जोडाक्षरातील ‘र’ पुढच्या व्यंजनात मिसळून ‘ग्ग’ असे द्वित्त झाले आणि द्वित्तापूर्वीचा दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला : मार्ग – मग्ग. पुढे मराठीत द्वित्त सुटले आणि त्याची भरपाई म्हणून आधीचा स्वर दीर्घ झाला : मग्ग – माग. याच रीतीने ‘व्याघ्र’चे ‘वग्घ’ आणि ‘वाघ’, ‘कार्य’चे ‘कज्ज’ आणि ‘काज’, ‘सर्प’चे ‘सप्प’ आणि ‘साप’ झाले. ‘माग’मधील ‘आ’ हा ‘मार्ग’मधील ‘आ’ जसाच्या तसा टिकलेला नाही. तो मधल्या काळात हरवून पुन्हा आलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

‘माग’ घडल्यानंतरही संस्कृतमधून ‘मार्ग’ हा शब्द मराठीत मूळ रूपात पुन्हा घेतला गेला. त्यामुळे एकाच मुळाची तत्सम आणि तद्भव अशी दोन रूपे मराठीत शेजारी शेजारी आली. अशा जोड्यांत सहसा अर्थाची वाटणी होते. ‘मार्ग’कडे प्रतिष्ठित अर्थ गेले : महामार्ग, लोहमार्ग, मार्गदर्शन, सन्मार्ग. ‘माग’कडे उरला तो मातीतला ठसा.

येथे एक लक्षणीय गोष्ट दिसते. तत्सम शब्दाने मूळ रूप राखले, म्हणून मूळ अर्थही त्यानेच राखला असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात घडले आहे ते उलट. ‘मार्ग’ म्हटल्यावर आज कोणाच्याही मनात पशूची पावले उमटत नाहीत. ‘माग’ या झिजलेल्या रूपात मात्र ती अजून स्पष्ट आहेत. लिखित परंपरेने शब्दाचा उच्चार जपला. रानाशी आणि शिवाराशी संबंध असलेल्या बोलणाऱ्यांनी त्याचा अर्थ जपला. तद्भव शब्दांना ‘अपभ्रष्ट’ म्हणून कमी लेखण्याची वृत्ती किती अन्यायकारक आहे, हे दाखवण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

४.२.५ शोधापासून याचनेपर्यंत

‘मार्ग’ धातूचा ‘शोधणे’ हा अर्थ मराठीत एका नित्याच्या क्रियापदात दडला आहे. ते क्रियापद म्हणजे ‘मागणे’. प्राकृतात ‘मग्गइ’ म्हणजे शोधतो, इच्छितो, मागतो. जे हवे आहे ते रानात शोधायचे असते, तेव्हा मनुष्य माग काढतो. ते दुसऱ्या माणसाजवळ असते, तेव्हा तो मागतो. हिंदीतील ‘माँगना’ आणि गुजरातीतील ‘मागवुं’ ही याच क्रियापदाची भावंडे. मुलीला ‘मागणी घालणे’, बाजारात मालाला ‘मागणी असणे’ आणि देवाजवळ ‘मागणे मागणे’ या तिन्ही प्रयोगांत शोधाची ती जुनी कल्पना क्षीण स्वरूपात नांदते आहे.

संस्कृतमध्ये या अर्थसंबंधाचा सुंदर पुरावा आहे. ‘मार्गण’ या एकाच शब्दाचा अर्थ अमरकोशात एका ठिकाणी ‘याचक’ असा, तर दुसऱ्या ठिकाणी ‘बाण’ असा येतो. बाण लक्ष्याला शोधत जातो आणि याचक दात्याला शोधत येतो, दोघेही शोधणारेच. संस्कृत कवींनी या द्व्यर्थाचा श्लेषासाठी मनसोक्त उपयोग करून घेतला आहे.

शास्त्रांनीही हा शब्द स्वीकारला. जैन दर्शनात जीवाचा विचार ज्या चौदा अंगांनी करायचा, त्यांना ‘मार्गणास्थाने’ म्हणतात. येथे ‘मार्गणा’ म्हणजे तपास. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात ‘मार्ग’ संगीत आणि ‘देशी’ संगीत असा भेद करताना, ब्रह्मादिकांनी जे शोधून काढले ते मार्ग, असे स्पष्टीकरण त्याने दिले आहे. म्हणजे संगीतशास्त्रातही ‘मार्ग’ हा रस्ता नसून शोध आहे.

अशा अर्थप्रवासाला समांतर उदाहरणे आहेत. ‘गवेषण’ म्हणजे संशोधन. पण शब्दाच्या घटकांकडे पाहिले, तर ते गाईंना शोधणे आहे. मराठीतील ‘गवसणे’ हे क्रियापदही याच कुळात जोडले जाते. युरोपातील लॅटिन भाषेत पाऊलखुणेसाठी असलेल्या शब्दापासूनच तपास करण्याचे क्रियापद बनले आहे. हरवलेली गाय आणि निसटलेले सावज शोधणाऱ्या माणसाने ज्ञानाच्या शोधासाठी वेगळे शब्द घडवले नाहीत. हाताशी होते तेच वापरले. पाऊलखुणेवरून पशूचे अनुमान करणे आणि पुराव्यावरून सिद्धांतापर्यंत जाणे, या दोन क्रियांची रीत सारखीच आहे, हे त्याने ओळखले असावे.

४.२.६ स्थलाकडून कालाकडे

प्राकृतातच ‘मग्गओ’ या रूपाला ‘पाठीमागे’ असा अर्थ आला होता. हा बदल कसा झाला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. जो कोणाच्या मागावर आहे, तो त्याच्या पाठीमागेच असतो. ‘त्याच्या मागावर’ आणि ‘त्याच्या पाठीशी’ या दोन स्थिती प्रत्यक्षात एकच असल्यामुळे एकीचे नाव दुसरीला मिळाले. मराठीत त्यातून ‘मागे’ हे क्रियाविशेषण आणि शब्दयोगी अव्यय रूढ झाले. हिंदीने या कामी ‘पश्च’च्या कुळातील ‘पीछे’ हा शब्द वापरला. मराठीने मागाचा वापरला.

पुढची पायरी कालाची. ‘मागे एकदा मी तुम्हाला म्हणालो होतो’ या वाक्यात ‘मागे’ म्हणजे पाठीकडे नव्हे, तर पूर्वी. ‘ज्ञानेश्वरी’च्या मराठीतही ‘मागां’ हे रूप पूर्वी सांगून झालेल्या गोष्टीचा निर्देश करण्यासाठी येते. चालणाऱ्याच्या पुढे न चाललेली वाट असते आणि मागे त्याच्या स्वतःच्या पावलांची खूण असते. भूतकाळ म्हणजे आपलाच माग, ही कल्पना आपण दिवसातून अनेकदा, नकळत, उच्चारत असतो. मागाहून, मागोमाग, मागील, मागासलेला, मागे घेणे, मागे टाकणे, हात धुऊन मागे लागणे हे सर्व त्या एका रूपाचे विस्तार आहेत.

४.२.७ गावगाड्यातील माग

‘माग’ या शब्दाचा मूळ अर्थ मराठीत इतका का टिकला, याचे उत्तर काही अंशी समाजव्यवहारात सापडते. पेशवाईच्या अस्तानंतर दख्खनचा कमिशनर म्हणून काम करणाऱ्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये या प्रदेशाविषयी अहवाल लिहिला. त्यात गावच्या रखवालदाराच्या कामाचे वर्णन आहे. गावात चोरी झाली, की चोराचा माग काढणे हे रखवालदाराचे कर्तव्य असे. माग आपल्या शिवेबाहेर दुसऱ्या गावात गेला आणि तेथल्या रखवालदाराची तशी खात्री पटवली, की पुढचा शोध त्या गावाकडे जाई. अशा रीतीने ज्या गावापर्यंत माग निश्चितपणे पोहोचे, त्या गावावर चोरीच्या भरपाईची जबाबदारी येई.

या व्यवस्थेत ‘माग’ हा केवळ ठसा राहत नाही. तो पुरावा होतो आणि त्याच्यावर गावाची देणी अवलंबून असतात. शिवेपर्यंत माग नेता आला, तर गाव मोकळे. मध्येच हरवला, तर बोजा गावावर. धूळ, दव, गुरांचे कळप आणि पाऊस यांतून एका माणसाचे पाऊल वेगळे ओळखण्याच्या कौशल्यावर एवढे सगळे टांगलेले असे. ‘मागमूस नसणे’ या वाक्प्रचारातील हताशपणा या पार्श्वभूमीवर अधिक समजतो.

हे कौशल्य बाळगणारे लोक कोण होते? महार, रामोशी, भिल्ल अशा समाजांतील माणसे गावाची राखण करीत. रानात पारधी सावजाचा माग काढीत. वाचता-लिहिता येणाऱ्यांच्या जगात या लोकांना मान नव्हता. ‘पारध’ या शब्दाची कथाच पाहा. प्राकृतातील ‘पारद्धि’ म्हणजे शिकार. हेमचंद्राच्या व्याकरणात तिचे मूळ ‘पापर्द्धि’, म्हणजे पापाची समृद्धी, असे दिले आहे. शिकारीवर जगणाऱ्याच्या व्यवसायाला व्युत्पत्तीतूनच पापाचा शिक्का बसला. पुढे इंग्रजी राजवटीत १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमातींच्या कायद्यांनी अनेक भटक्या व अरण्यवासी समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले; पारधी त्यांपैकीच. शतकानुशतके ज्यांनी माग काढला, त्यांच्याच मागावर सरकार राहिले. स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, तरी संशयाची पाळत संपली असे म्हणता येत नाही.

शब्दकोशात ‘माग’ या नोंदीपुढे आपण ‘तद्भव, मूळ मार्ग’ एवढेच लिहितो. त्या नोंदीमागे पिढ्यान्पिढ्या मातीवर वाकून पाहणाऱ्या माणसांचे ज्ञान आहे, याची जाणीव अभ्यासकाने ठेवावी. त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. त्यांचा शब्द मात्र राहिला आहे.

४.३ सारांश

‘माग’ हा शब्द मूळच्या ‘मृग’ म्हणजे वन्य पशू या शब्दापासून ‘मार्ग’ आणि ‘मग्ग’ या पायऱ्यांनी मराठीत आला. ‘मृज्’ धातूपासूनची व्युत्पत्ती ध्वनिनियमांत बसत असली, तरी ‘शोध’ हा अर्थ ‘मृग’ या मुळाने अधिक चांगला उलगडतो. पशूची खूण, शोध, वाट, याचना, पाठीमागची जागा आणि गेलेला काळ असा या कुळाचा अर्थविस्तार झाला. त्याच वेळी ‘मृग’ शब्दाचा अर्थसंकोच झाला. तत्सम ‘मार्ग’ने रूप राखले, तर तद्भव ‘माग’ने मूळ अर्थ राखला. पाठलाग, पाळत, दबा आणि पिच्छा या शब्दांपासून ‘माग’ वेगळा ठरतो, तो सावजाच्या अदृश्यतेमुळे, त्याच्या अनभिज्ञतेमुळे आणि शोधणाऱ्याच्या वाटचालीमुळे. गावगाड्यातील जबाबदारीच्या व्यवस्थेने या अर्थाला बळ दिले.

४.४ पारिभाषिक शब्द

तत्सम : संस्कृतमधून मूळ रूपात घेतलेला शब्द. उदा. मार्ग.
तद्भव : संस्कृतमधून प्राकृतद्वारा ध्वनिपरिवर्तन होऊन आलेला शब्द. उदा. माग.
अर्धतत्सम : तत्सम शब्द पुन्हा घेतल्यानंतर बोलीत किंचित बदललेले रूप. उदा. मिरग.
अर्थसंकोच : शब्दाची अर्थकक्षा मर्यादित होणे. उदा. मृग.
अर्थविस्तार : शब्दाची अर्थकक्षा वाढणे. उदा. मार्ग.
अर्थावनती : शब्दाला प्रतिकूल छटा प्राप्त होणे. उदा. पाळत.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) वैदिक भाषेत ‘मृग’ शब्दाचा अर्थ काय होता?
(२) ‘मार्गण’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
(३) हातमागातील ‘माग’ आणि पाऊलखुणेचा ‘माग’ यांचा संबंध काय?
(४) ‘पाळत’ हा शब्द कोणत्या क्रियापदापासून झाला?

उत्तरे
(१) वैदिक भाषेत ‘मृग’ म्हणजे कोणताही वन्य पशू.
(२) ‘मार्गण’ म्हणजे याचक आणि बाण.
(३) ते भिन्न मुळांचे, परंतु समान रूपाचे शब्द आहेत.
(४) ‘पाळत’ हा शब्द ‘पाळणे’ या क्रियापदापासून झाला.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) ‘तद्भव शब्दांनी मूळ अर्थ जपला’ या विधानाची चर्चा ‘मार्ग’ आणि ‘माग’ यांच्या आधारे करा.
(२) ‘मार्ग’ शब्दाच्या दोन व्युत्पत्ती देऊन, त्यांतून निवड करण्याची रीत स्पष्ट करा.
(३) आपल्या परिसरातील गुराखी, शेतकरी किंवा वनरक्षक यांच्याशी बोलून जनावरांच्या खुणांसाठी ते वापरत असलेले शब्द टिपून घ्या आणि प्रत्येक शब्दाचा वापर एका वाक्यात दाखवा.